रागावण्यापुरतं इंग्रजी

डहाणू तालुक्यातल्या कैनाडच्या पाड्यांवरची दहावी-बारावी झालेली मुलं-मुली संध्याकाळी माझ्याकडे इंग्रजी शिकायला येतात. घरी वारली, शाळेत मराठी, बाजारात गुजराती, कामावर हिंदी, एवढं त्यांना येतंच. इंग्रजी हवं असतं ते बोईसर, उंबरगाव, वापीकडच्या कंपन्यांत टिकायला. आणि तिथली नोकरी बऱ्याचदा सुटते ती काम जमत नाही म्हणून नव्हे, तर कुणीतरी ओरडतं, पोरगं गप्प बसतं आणि दुसऱ्या दिवशी कामावर जातच नाही म्हणून. शिकवता शिकवता जमत गेलेले हे काही बोल.

१. रागाचं इंग्रजी मुलांना आधीच येतं, पण ते साहेबाचं.

पहिल्या दिवशी विचारलं की धडाधड येतात: शट अप, गेट आउट, इडियट, नॉनसेन्स. स्पेलिंग येवो न येवो, उच्चार चोख. शिकलेला मराठी माणूस तापला की इंग्रजीत शिरतो, ही आपली जुनी खोड. तिचा प्रसाद या मुलांना वर्गात, ऑफिसात, दवाखान्याच्या रांगेत मिळालेला असतो. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. तेव्हा माझ्याकडे येणाऱ्यांनी दहा-दहा वर्षं ते वाचलेलं असतं. प्लीज, सॉरी, थँक यू तोंडपाठ. पण ‘सर, आय डोन्ट ॲग्री’ हे तीन-चार शब्द कुणी मोठ्याने म्हणून पाहिलेले नसतात. म्हणून मी शब्दांची यादी देण्याआधी हे वाक्य म्हणायला लावते. सुरुवातीला सगळे हसतात. कुणी ते जमिनीकडे बघत म्हणतं. चालतं.

२. ‘फायर’ जपून वापरावा.

आपल्याकडे साहेब झापतात त्याला ‘फायरिंग मिळालं’ म्हणतात. तेच पकडून एकीने ऑफिसला मेसेज लिहिला, ‘सुपरवायझर फायर्ड मी’. वाचणाऱ्याला वाटलं, हिला कामावरून काढलं. तिचा हिशेब करायची तयारी सुरू झाली. ‘शाउटेड ॲट मी’ लिहावं. ‘स्कोल्डेड’ही चुकीचं नाही, पण तो शब्द आई मुलाला रागावते तेव्हाचा, मोठ्या माणसाने स्वतःसाठी वापरला की तो आपोआप लहान होतो.

३. रागाच्या पायऱ्या आधी आपल्या शब्दांत लावाव्यात, मग इंग्रजीत.

रॉबर्ट प्लुचिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८० साली भावनांचं एक चक्र मांडलं. त्यात चिडचिड, राग आणि संताप या एकाच भावनेच्या चढत्या पायऱ्या आहेत. मी फळ्यावर चक्र वगैरे काढत नाही. बस चुकली तर काय होतं, रजा नाकारली तर काय होतं, आईवरून कुणी बोललं तर काय होतं, हे मुलांनाच त्यांच्या भाषेत बोलायला लावते. समोर मग अनॉइड, अपसेट, अँग्री, फ्युरियस लिहिले की पुरे. शब्दकोशात रागासाठी आणखी ढीगभर शब्द आहेत, पण चारांपलीकडे कुणी वापरत नाही, मीसुद्धा नाही. असं नाव देण्याचा उपयोग निव्वळ भाषेपुरता नसतो. मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दिसलं की, चिडलेला किंवा घाबरलेला चेहरा पाहताना त्या भावनेला शब्द दिला की मेंदूतल्या ॲमिग्डाला या भावनांशी निगडित भागाची खळबळ कमी होते.

४. ‘ऑन’ सोडा, ‘अबाउट’ धरा.

‘माझ्यावर रागावला’ म्हणून सगळे ‘अँग्री ऑन मी’ लिहितात. माणसासाठी ‘विथ’ आणि गोष्टीसाठी ‘अबाउट’, एवढं व्याकरण. पण यातलं ‘अबाउट’ मी मुद्दाम घोटून घेते. त्याच्यापुढे माणूस बसत नाही. काहीतरी घडलेलं सांगावंच लागतं.

५. विशेषणाने भांडण वाढतं, आकड्याने ते ऐकलं जातं.

हे मला इंग्रजीच्या पुस्तकाने शिकवलं नाही, या मातीने शिकवलं. २३ मे १९४५ रोजी झरी या गावात, तेव्हाच्या उंबरगाव आणि आताच्या तलासरी तालुक्यात, गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या पुढाकाराने हजारो वारली जमले. वेठ, लग्नाच्या कर्जापायी राबणारे लग्नगडी, मारहाण, पिढ्यान्‌पिढ्यांचा संताप त्यांच्याकडे होता आणि शिव्यांचीही कमी नसणार. ठरलं ते मात्र मोजता येण्यासारखं: रोजचे बारा आणे रोख मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर काम नाही, फुकटची वेठ नाही. पुढे गवतकापणीच्या संपात मागणी होती ५०० पौंड गवताला अडीच रुपये. त्याची किंमतही मोजावी लागली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड आणि आणखी चौघे गेले. आकडा मांडला म्हणजे समोरचा ऐकतोच असं नाही, हे त्यातून मुलांना सांगावंच लागतं. पण लढा उभा राहिला तो त्या आकड्याभोवती.

कारखान्यात जाणाऱ्या, त्या वारल्यांच्या नातवंडा-पतवंडांना मी ‘यू आर चीटिंग अस’ शिकवत नाही. पगाराची चिठ्ठी समोर ठेवायला लावते. डिडक्शन, ओव्हरटाइम, शिफ्ट, लीव्ह बॅलन्स, रेट हे रागाचे खरे शब्द. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने ओव्हरटाइमला दुप्पट दर ठरवला, हे ठाऊक असलेला मुलगा ‘सर, आय वर्क्ड ट्वेल्व्ह अवर्स एक्स्ट्रा, इट इज पेड ॲट सिंगल रेट’ एवढंच म्हणतो. आवाज न चढवता म्हणतो, कारण चढवायची गरज उरत नाही.

६. मोबाइलवरची मोठी अक्षरं.

देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नसतात. त्यामुळे कॅप्स लॉक चालू राहिलं तर आपल्याला काही खटकत नाही. इंग्रजी वाचणाऱ्याला मात्र सगळी मोठी अक्षरं म्हणजे ओरडणं वाटतं. रजेचा साधा अर्ज धमकीसारखा वाचला जातो. नोकरीला लागणाऱ्या प्रत्येकाचा फोन मी आधी हातात घेऊन ते बटण दाखवते.

७. ‘आय फील’ घरच्यांसाठी, लाइनवर नको.

इंग्रजी पुस्तकं राग सांगताना ‘आय फील हर्ट व्हेन यू...’ अशी सुरुवात सुचवतात. मित्राशी, नवऱ्याशी ठीक आहे. यंत्र बंद पडल्यावर तापलेल्या सुपरवायझरपुढे कुणी हे म्हणावं असं मला तरी वाटत नाही. तो हसेल आणि दिवसभर त्याची नक्कल करेल. तिथे ‘प्लीज टेल मी व्हॉट टु करेक्ट’ पुरतं. आपलाच पारा चढू लागला तर ‘सर, गिव्ह मी टू मिनिट्स’ म्हणून पाणी प्यायला जावं. समोरच्याला ‘काम डाउन’ मात्र कधीही म्हणू नये. कुठल्याच भाषेत त्याने कुणी शांत झाल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

८. शिवी वारलीत, वाक्य इंग्रजीत.

भाषाशास्त्रज्ञ जाँ-मार्क देवाल यांनी अनेक भाषा बोलणाऱ्या लोकांचा अभ्यास केला. बहुतेकांना शिवीची धार पहिल्या भाषेतच जास्त जाणवते, असं त्यांना आढळलं. माझ्या वर्गात याचा उलटा फायदा होतो: परकी भाषा थोडी थंड असते, म्हणून वाक्य जुळवेपर्यंत राग उतरतो. तो आधी बाहेर पडू द्यावा लागतो, आणि तो बाहेर पडतो वारलीतच. जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शाळा मुलांच्या अंगणात, गुरं चारायच्या कुरणात नेली. मुलाचं जे आहे तिथून सुरुवात करायची, हे मी त्यांच्याकडूनच घेतलं. म्हणून तासाची पहिली काही मिनिटं वारलीतच जातात. त्यातलं सगळं मला कळत नाही, आणि बहुधा कळू नये अशीच त्यांची इच्छा असते.

९. मुलींसाठी वेगळा धडा.

वरचं सगळं नम्र इंग्रजी एका ठिकाणी बाजूला ठेवायचं. कुणी अंगचटीला आलं, घाणेरडं बोललं, तर प्लीज नाही, सर नाही, सॉरी तर अजिबात नाही. ‘स्टॉप इट’, आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. हे दोन शब्द मी मुलींकडून उभ्याने, भिंतीपर्यंत पोचतील असे म्हणवून घेते. त्यानंतर कागद. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त कामगार असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी, आणि तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते. कामगार दहापेक्षा कमी असतील तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तारीख, वेळ, जागा, काय म्हटलं, कुणी पाहिलं, एवढ्या पाच गोष्टी त्या तक्रारीत असाव्यात. ती मराठीत लिहिली तरी चालते.