व्यापारी इंग्रजी : 'क्लीन' म्हणजे नुसते स्वच्छ नव्हे

इंग्रजीतील 'क्लीन' या विशेषणाचा 'स्वच्छ' हा अर्थ शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. परंतु भिवंडीचे कापड किंवा धारावीच्या चामड्याच्या वस्तू परदेशी पाठविणाऱ्या बांधवांनी त्याचा व्यापारी अर्थही जाणून घ्यावा. मालाचे पैसे त्यावर अडतात.

परदेशी बँकेच्या लेटर ऑफ क्रेडिटमध्ये बहुधा 'क्लीन ऑन बोर्ड बिल ऑफ लेडिंग' मागितलेले असते. बिल ऑफ लेडिंग म्हणजे माल जहाजावर चढल्याची जहाज कंपनीची पावती. येथे 'क्लीन' म्हणजे बिनशेऱ्याची, बेदाग. 'पेटी फुटली', 'गाठ भिजली' असा शेरा पडला की पावती 'क्लॉज्ड' होते आणि बँक ती नाकारू शकते. गंमत अशी, की पावतीवर 'क्लीन' हा शब्द असण्याची गरज नाही. १ जुलै २००७ पासून लागू असलेल्या यूसीपी ६०० या आंतरराष्ट्रीय नियमावलीचे कलम २७ तसे स्पष्ट सांगते.

शेऱ्याची भाषाही नीट वाचावी. 'पॅकिंग समुद्रप्रवासास अपुरे आहे' हा शेरा घातक. 'अपुरे ठरू शकेल' हा चालतो, कारण त्यात दोष उघडपणे सांगितलेला नाही. इंग्रजीत हा फरक 'इज' आणि 'मे बी' एवढाच!

काही जण जहाज कंपनीला नुकसानभरपाईचे हमीपत्र लिहून देतात आणि शेरा टाळतात. हा मार्ग धोक्याचा आहे. लंडनहून हॅम्बुर्गला निघालेली संत्र्याच्या रसाची १०० पिंपे जुनी व गळकी होती. तरी असे हमीपत्र घेऊन क्लीन पावती दिली गेली. १९५७ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयाने बहुमताने ते हमीपत्र निरुपयोगी ठरविले, कारण त्यामागे खरेदीदाराची फसवणूक होती. त्यापेक्षा माल चढण्यापूर्वीच फुटकी पेटी बदलावी. शेरा प्रथम 'मेट्स रिसीट'वर पडतो, म्हणून ती आपल्या एजंटाकडून लगेच पाहून घ्यावी.

हाच शब्द बँकेत दुसरा अर्थ घेतो. 'क्लीन कलेक्शन' म्हणजे मालाच्या कागदपत्रांशिवाय नुसती हुंडी वसुलीला पाठविणे. नाव ऐकून व्यवहार बिनधोक वाटतो, पण मालाचे कागद बहुधा आधीच परस्पर खरेदीदाराकडे गेलेले असतात. त्याने माल सोडवून घेतला आणि हुंडी परत केली, तर बँकेच्या हाती त्याला अडविण्यासारखे काही नसते. अनोळखी गिऱ्हाइकाशी असा व्यवहार करू नये.