राष्ट्रीय उद्यानालगतची शेती आणि गावसमितीचे कार्य

चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा हे महाराष्ट्रातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान होय. १९५५ साली सुमारे ११६ चौरस किलोमीटर वनाला हा दर्जा मिळाला. १९८६ साली लगतचे अंधारी अभयारण्य स्थापन झाले आणि १९९५ साली दोन्ही मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. या सुमारे ६२५ चौरस किलोमीटरांच्या गाभा क्षेत्राभोवती २०१० साली सुमारे ११०० चौरस किलोमीटरांचे बफर क्षेत्र घोषित करण्यात आले. बफर क्षेत्रात वनाबरोबर गावे आहेत, धानाच्या बांध्या आहेत, कापूस, सोयाबीन व हरभऱ्याची शेते आहेत आणि गुरांची चराई आहे.

महाराष्ट्रातील वाघांची अंदाजित संख्या २००६ च्या गणनेत १०३ होती. २०२२ च्या गणनेत ती ४४४ झाली. संरक्षणाच्या दृष्टीने हे मोठेच यश आहे. परंतु तरुण वाघ आईपासून वेगळा झाला की त्याला स्वतःचे क्षेत्र शोधावे लागते, आणि उद्यानातील जागा भरलेली असल्यास तो बाहेर पडतो. ब्रह्मपुरीच्या परिसरात उद्यानाबाहेरील वनांतही वाघांचा कायम वावर आहे, तो यामुळेच. ज्या शिवारातून वाघ जातो, त्या शिवारातील शेतकऱ्याच्या संमतीवाचून हे यश टिकणार नाही. ही संमती कशी मिळते व कशी टिकते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नुकसानीचे स्वरूप

वनालगतच्या शेतकऱ्याचे नुकसान तीन प्रकारचे असते. पहिले पिकाचे. रानडुक्कर, रोही व चितळ हे प्राणी पेरणीपासून कापणीपर्यंत पिकाची नासधूस करतात. रानडुक्कर खाते त्याहून अधिक तुडविते व उकरते. यावर शेतकऱ्याचा पारंपरिक उपाय म्हणजे जागल. पीक उभे असेपर्यंत रात्रीमागून रात्र माचाणावर काढावी लागते. या जागलीचा खर्च कोणत्याही हिशेबात लिहिला जात नाही. पण दिवसा मेहनत करून रात्री जागणाऱ्या माणसाचे आरोग्य व सुरक्षितता यांची किंमत त्यात मोजली जात असते.

दुसरे नुकसान जनावरांचे. वनात चरावयास गेलेली गाय किंवा गोऱ्हा वाघाच्या तावडीत सापडतो. तिसरे नुकसान कधीही भरून न येणारे, म्हणजे मनुष्यहानी. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचण्यासाठी पहाटे निघालेली आणि मे महिन्यात तेंदूपाने तोडणारी माणसे यांत विशेष सापडतात. वाकून काम करणारा माणूस झुडुपाआड पटकन दिसत नाही आणि वाघाला त्याच्या आकृतीवरून तो माणूस असल्याचे उमजत नाही. म्हणून एकट्याने न जाणे, उजाडल्यानंतर निघणे, गटाने बोलत राहणे आणि वाघाचे ताजे ठसे दिसल्यास त्या दिवशी तो भाग सोडून देणे, हे नियम गावाने एकमताने पाळले पाहिजेत.

संशोधनाने काय दाखविले

वाघाच्या अंगावरील पट्टे माणसाच्या बोटांच्या ठशांप्रमाणे प्रत्येकाचे निराळे असतात. वनवाटेवर दोन बाजूंना स्वयंचलित कॅमेरे बसवून घेतलेल्या छायाचित्रांवरून प्रत्येक वाघ ओळखता येतो. कोणता वाघ कोणत्या शिवारात व कोणत्या वेळी फिरतो, हे त्यावरून कळते. ही माहिती कार्यालयाच्या कपाटात न राहता गावाच्या फलकावर लागली, तर तिचा उपयोग गुराख्याला त्याच दिवशी होतो.

अपुऱ्या माहितीवर आधारलेला उपाय उलटतो, याचे उदाहरण पुणे जिल्ह्यातील जुन्नरचे आहे. तेथे २००१ नंतर अनेक बिबटे पकडून दूरच्या वनांत सोडण्यात आले. त्यापूर्वी माणसांवरील हल्ल्यांची सरासरी वर्षाला ४ होती; २००१ ते २००३ या काळात ती १७ पर्यंत गेली. संशोधकांनी दाखविले की, परक्या मुलखात सोडलेला प्राणी तेथे स्थिर होत नाही, आणि पकडाधरीचा ताण त्याला अधिक धोकादायक बनवितो. रिकाम्या झालेल्या जागी दुसरा बिबट्या येतो तो वेगळाच.

पुढे अकोले तालुक्यात (पूर्वीचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा) ऊसशेतीच्या दाट वस्तीच्या प्रदेशात कॅमेऱ्यांनी पाहणी झाली. तेथे १०० चौरस किलोमीटरांत सुमारे पाच प्रौढ बिबटे राहत असल्याचे आढळले, आणि त्यांच्या भक्ष्यात पाळीव प्राण्यांचा, त्यांतही कुत्र्यांचा वाटा सर्वांत मोठा होता. गावाबाहेर टाकलेल्या उकिरड्यावर मोकाट कुत्री वाढतात व कुत्र्यांमागे बिबट्या येतो. यावरून गावाची स्वच्छता हाही बिबट्यापासून संरक्षणाचाच एक उपाय ठरतो.

तिसरा धडा रोगांचा आहे. १९६८ साली बुळकांडीच्या साथीने दक्षिणेतील बंदीपूर-मुदुमलाई परिसरातील गवे मोठ्या संख्येने दगावले. लसीकरणाच्या दीर्घ मोहिमेनंतर २०११ साली बुळकांडीचे जगातून उच्चाटन झाले. परंतु २०१८ साली गीरच्या वनात वीसहून अधिक सिंह मेले, त्यांत कुत्र्यांमध्ये आढळणाऱ्या डिस्टेंपर रोगाचा विषाणू सापडला. गावातील गुरे व कुत्री निरोगी असली, तर वनही निरोगी राहते.

गावसमिती का हवी

संरक्षणाचा लाभ साऱ्या देशाला आणि भार मात्र सीमेवरील गावाला, अशी विभागणी फार काळ चालत नाही. हे ओळखून गावांच्या परिस्थितिकीय विकास समित्या स्थापन करण्यात आल्या. केरळातील पेरियार येथे यांचे एक बोलके उदाहरण पाहावयास मिळते. वनातून दालचिनीवर्गीय झाडांची साल चोरून नेणाऱ्या माणसांना विश्वासात घेऊन त्यांची समिती बनविण्यात आली आणि तीच माणसे पुढे वनाची गस्त घालू लागली, पर्यटकांना वाट दाखवू लागली. वनाच्या वाटा त्यांच्याइतक्या कोणालाच ठाऊक नव्हत्या.

महाराष्ट्रात २०१५ साली व्याघ्र प्रकल्पांच्या परिसरातील गावांसाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन वन विकास योजना सुरू झाली. समितीमार्फत गॅस जोडण्या, शौचालये, शेतांना कुंपण व रोजगाराचे शिक्षण ही कामे तीत अंतर्भूत झाली. यांतील प्रत्येक कामाचा संबंध जीविताशी आहे. घरात गॅस असेल तर सरपणासाठी वनात जाण्याच्या फेऱ्या कमी होतात. शौचालय असेल तर अंधारात झुडुपाकडे जावे लागत नाही. मात्र सिलिंडर पुन्हा भरण्यास पैसा नसेल, तर चूल पुन्हा पेटते. म्हणून जोडणी दिली की काम संपले असे न मानता समितीने दरवर्षी याचा आढावा घ्यावा.

ताडोब्याच्या बफर क्षेत्रातील मोहर्ली, आगरझरी, देवाडा, जुनोना, कोलारा आदी प्रवेशद्वारांवर स्थानिक तरुण-तरुणी मार्गदर्शक म्हणून काम करतात. यातून उत्पन्न होते हे खरे. तथापि ते प्रवेशद्वाराजवळच्या गावांत अधिक आणि दूरच्या गावांत कमी पोहोचते, तर रानडुक्कर दोन्हीकडे सारखेच येते. वाटपाचा प्रश्न समितीने टाळू नये.

गावाला हक्क मिळाला तर ते निर्बंधही स्वतःहून घालून घेते, हे याच जिल्ह्यातील पाचगावने दाखविले. वनहक्क कायद्याखाली २०१२ साली सुमारे १००० हेक्टर वनावर या गावाला सामूहिक हक्क मिळाला. ग्रामसभेने बांबूचे व्यवस्थापन हाती घेतले, तेंदूपानांसाठी फांद्या छाटणे व आग लावणे यांमुळे वनाची हानी होते म्हणून तेंदूतोड बंद केली, आणि वनाचा एक भाग देवराईप्रमाणे राखून ठेवला.

कुंपण : कोणते व कसे

पिकाच्या रक्षणासाठी विजेच्या खांबावरून थेट तार ओढून शेताभोवती सोडण्याचा प्रकार काही ठिकाणी घडतो. हा गुन्हा तर आहेच. शिवाय तो आत्मघातकी आहे. घरगुती वीज अखंड वाहते, तिचा स्पर्श झालेला जीव सुटू शकत नाही. अशा तारेने रानडुकराबरोबर वाघ मरतो, आणि पहाटे बांधावरून जाणारा शेजारीही मरतो.

सौर कुंपणाची रचना निराळी असते. सौर पट्टीवर भारित झालेल्या बॅटरीतून यंत्र तारेत सेकंदाला सुमारे एकदा अत्यंत अल्पकाळ टिकणारा झटका सोडते. झटका जोरदार बसतो, पण दोन झटक्यांच्या मधल्या अवकाशात प्राणी मागे हटू शकतो. या कुंपणाबाबत पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. तारेला गवत किंवा वेल टेकल्यास वीज जमिनीत उतरते व झटका क्षीण होतो. पावसाळ्यात तारेखालील तण वारंवार काढावे.
२. भूसंपर्काची सळई ओलसर जमिनीत खोल असावी. उन्हाळ्यात तेथे पाणी घालावे.
३. यंत्र प्रमाणित असावे. त्यास घरगुती वीज कधीही जोडू नये.
४. रानडुकरासाठी खालची तार जमिनीपासून थोड्याच उंचीवर हवी.

एकट्याने कुंपण घातल्यास जनावरे शेजाऱ्याच्या शेतात जातात आणि गावात तंटा उभा राहतो. म्हणून लगतच्या शेतकऱ्यांनी मिळून संपूर्ण शिवाराला एकच कुंपण घालावे, देखभालीची पाळी ठरवावी आणि बॅटरी बदलण्यासाठी दर हंगामाला थोडी वर्गणी समितीत जमा करावी.

जनावरे, गोठे व विहिरी

गुरे सायंकाळपूर्वी परत आणावीत. गोठ्याला मजबूत दार असावे आणि शेळ्यांच्या गोठ्याचे छप्पर व भिंती यांत बिबट्याला शिरण्याजोगी फट नसावी. लाळ्या खुरकूत व घटसर्प यांच्या लसी गुरांना वेळेवर टोचून घ्याव्यात. कुत्र्यांनाही रेबीजची लस द्यावी. बिनकठड्याच्या विहिरीत वन्य प्राणी पडतात व लहान मुलेही पडतात. तिला कठडा बांधावा. मोहाच्या झाडाखालचा पाला जाळण्याऐवजी झाडून घ्यावा किंवा झाडाखाली जाळी पसरावी. फुले स्वच्छ मिळतात व वणवा लागत नाही.

भरपाई : विलंब हाच खरा शत्रू

पीक, जनावर किंवा मनुष्य यांच्या हानीबद्दल शासनाकडून भरपाई मिळते. यासाठी नुकसान दिसताच, शक्यतो त्याच दिवशी, जवळच्या वन कर्मचाऱ्यास कळवावे. मारलेले जनावर पंचनामा होईपर्यंत जागचे हलवू नये, व त्यात विष तर कधीही घालू नये. त्या विषाने वाघाबरोबर गिधाडेही मरतात, आणि शेतकरी भरपाईला मुकून आरोपी बनतो.

कर्नाटकातील बंदीपूर व नागरहोळे उद्यानांभोवती २०१५ पासून एका संशोधन संस्थेने वाइल्ड सेवे नावाचा उपक्रम चालविला आहे. शेतकऱ्याने दूरध्वनी केला की कार्यकर्ता शेतावर येतो, छायाचित्रे व कागदपत्रे तयार करून अर्ज दाखल करण्यास साह्य करतो. भरपाई शासनाचीच असते. फक्त तिच्यापर्यंतची वाट सोपी होते. प्रत्येक गावसमितीने एका शिक्षित तरुणावर हे काम सोपविल्यास आपल्याकडेही हे साधण्याजोगे आहे. अशी नोंदवही ठेवली तर कोणत्या शिवारात, कोणत्या महिन्यात, कोणत्या प्राण्याने किती नुकसान केले हे दोन-तीन वर्षांत स्पष्ट होते. कुंपण प्रथम कोठे घालावे, याचे उत्तर त्या वहीत मिळते. शेतकऱ्याने केलेले हेच संशोधन होय.

खरीपाच्या पेरणीपूर्वी समितीची एक सभा अवश्य भरवावी. तीत गेल्या वर्षीची नोंदवही वाचावी, प्रलंबित भरपाईची यादी वन अधिकाऱ्यांसमोर ठेवावी, कुंपणाच्या देखभालीची पाळी ठरवावी आणि लसीकरणाचा दिवस मुक्रर करावा. ज्या गावात जागलीवरचा माणूस निर्धास्तपणे घरी झोपू शकतो, त्या गावाच्या शिवेवरून वाघही निर्धास्त जाऊ शकतो. दोघांची सुरक्षितता एकच आहे, हे जाणून कामाला लागणे अगत्याचे आहे.