वृक्षमाथ्यावरची वाट : प्रवासलेखनातील दृष्टिबिंदू

१. उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :
• प्रवासलेखनात लेखकाच्या उभे राहण्याच्या जागेचे महत्त्व सांगणे.
• सदाहरित वन आणि पानझडी वन यांतील भेद ओळखून नेमके शब्द योजणे.
• आपल्या परिसरातील एखाद्या वनस्थळाचे वर्णन लिहिणे.

२. प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, प्रवासवर्णन वाचताना आपण लेखकाच्या डोळ्यांनी पाहतो. पण ते डोळे कोठे होते? पायथ्याशी की शिखरावर, बोटीत की काठावर? लेखकाने ही जागा स्पष्ट केली नाही, तर वर्णन कितीही अलंकृत असले तरी वाचकाच्या मनात चित्र उमटत नाही. या जागेला आपण ‘दृष्टिबिंदू’ म्हणू. दृष्टिबिंदू बदलला की तेच झाड कसे वेगळे दिसते, हे समजून घेण्यासाठी प्रस्तुत पाठात वृक्षांच्या माथ्याजवळून जाणाऱ्या पायवाटेचे उदाहरण घेतले आहे.

३. विषय-विवेचन

३.१ वनाचे मजले

सदाहरित वर्षावनाची रचना मजल्यांसारखी असते. तळाशी कुजणारा पाचोळा आणि रोपे, त्यावर झुडपे व लहान वृक्ष, त्यावर एकमेकांत गुंतलेल्या शेंड्यांचे सलग छत, आणि त्या छतातूनही वर डोके काढणारे काही उंच वृक्ष. या छताला ‘वितान’ असेही म्हणतात. ‘वितान’ म्हणजे मांडव. हा मांडव इतका दाट असतो की सूर्यप्रकाशाचा अत्यल्प अंश जमिनीपर्यंत पोहोचतो. फुले, फळे, कीटक, आमरी आणि नेचे यांचे जीवन बहुतांशी वरच्या मजल्यांवर चालते. जमिनीवरून चालणारा प्रवासी वनात असूनही वनाच्या या मोठ्या भागाला पारखा राहतो.

ही उणीव भरून काढण्यासाठी जगात ठिकठिकाणी शेंड्यांच्या उंचीवर पूल बांधले गेले. घानातील काकुम राष्ट्रीय उद्यानात १९९५ मध्ये सुमारे ३५० मीटर लांबीची झुलत्या पुलांची मालिका उभी राहिली. सिंगापूरमध्ये मॅकरिची जलाशयाजवळ २००४ मध्ये २५० मीटर लांबीचा झुलता पूल खुला झाला. तो जमिनीपासून कमाल २५ मीटर उंचीवर आहे. गोव्याच्या सीमेलगत, उत्तर कन्नड जिल्ह्यातील कॅसलरॉकजवळ कुवेशी येथेही सह्याद्रीच्या वनात अशी वाट आहे.

३.२ मलबार हिलची उन्नत वाट

ठाणे, कल्याण किंवा डोंबिवली येथे राहणाऱ्या विद्यार्थ्याला या अनुभवाच्या जवळ जाणारे स्थळ मुंबईतच उपलब्ध आहे. मलबार हिलवर कमला नेहरू उद्यानालगत ३० मार्च २०२५ रोजी, गुढीपाडव्याच्या दिवशी, एक उन्नत निसर्गवाट खुली झाली. सिंगापूरच्या धर्तीवर उभारलेली ही लाकडी वाट सुमारे ४८५ मीटर लांब व २.४ मीटर रुंद आहे. लोकलने दादरला यावे, तेथून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड किंवा चर्नी रोड गाठावे आणि पुढे टेकडी चढावी. वाटेवरील सज्जातून गिरगाव चौपाटी व समुद्र दिसतो.

हे स्थळ वर्षावन नव्हे. ती महानगरातील एक वृक्षाच्छादित टेकडी आहे आणि पानांआडून इमारतीही दिसतात. प्रवासलेखकाने हे लपवू नये. ‘घनदाट अरण्यात हरवून गेलो’ असे येथे लिहिणे म्हणजे वाचकाची फसवणूक होय. मात्र वर्षावन नसले तरी येथील दृष्टिबिंदू खरा आहे. एरवी मान वर करून पाहावा लागणारा शेंडा येथे डोळ्यांसमोर येतो.

३.३ दोन वर्णनांची तुलना

पुढील दोन नमुने काळजीपूर्वक वाचा.

(अ) ‘सभोवार हिरवीगार वनराई पसरली होती. निसर्गाची ती किमया पाहून मन प्रसन्न झाले.’

(आ) ‘जमिनीवरून ज्या झाडाचे केवळ खोड दिसत होते, त्याच्या वरच्या डहाळ्या आता कठड्याला टेकल्या होत्या. पानांची वरची बाजू तकतकीत, खालची फिकट. हा फरक पूर्वी कधी जाणवला नव्हता, कारण आजवर मी पानांच्या खालीच उभा होतो.’

पहिला नमुना महाबळेश्वर, केरळ किंवा काश्मीर यांपैकी कोणत्याही स्थळाच्या वर्णनात जसाच्या तसा बसेल. जे वाक्य सर्वत्र बसते, ते कोणत्याच स्थळाचे नसते. दुसऱ्या नमुन्यात एकही गौरवपर विशेषण नाही. तरीही लेखक कोठे उभा आहे आणि त्या जागेमुळे त्याला काय नव्याने दिसले, हे वाचकाला कळते.

३.४ ‘ओसाड’ हा शब्द

आता दृष्टी घराजवळ वळवू. ठाणे शहराला लागून असलेला येऊरचा डोंगर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या उद्यानात प्रामुख्याने पानझडी वन आढळते. साग, ऐन, पळस, काटेसावर हे वृक्ष उन्हाळ्यापूर्वी पाने टाकतात. ही पानगळ म्हणजे पाणी वाचवण्याची रीत असते. त्याच निष्पर्ण अवस्थेत पळस आणि काटेसावर फुलतात. कारवी तर आठ वर्षांतून एकदाच सामूहिक फुलोरा धरते. या उद्यानात तो २०१६ मध्ये आणि नंतर २०२४ मध्ये आला.

चित्रांतील सदाहरित वर्षावन मनात घेऊन जो पर्यटक एप्रिलमध्ये येऊरला जातो, तो ‘येथे पाहण्यासारखे काही नाही, सारे ओसाड आहे’ असे लिहून मोकळा होतो. हा केवळ शब्दयोजनेचा दोष नाही. ज्या भूमीला आपण ‘ओसाड’, ‘पडीक’, ‘रिकामी’ म्हणतो, तिच्यावर बांधकाम झाले तरी कोणाला हळहळ वाटत नाही. वेगाने वाढणाऱ्या शहरांच्या कडेला उभ्या असलेल्या डोंगरासाठी हे विशेषण महागात पडू शकते. म्हणून वनाला त्याच्या प्रकाराने आणि ऋतूने ओळखणे ही लेखकाची जबाबदारी ठरते. दुर्गा भागवत यांच्या ‘ऋतुचक्र’ (१९५६) या ग्रंथाची मांडणी महिन्यांनुसार आहे, हे या संदर्भात लक्षात घ्यावे.

३.५ खालून पाहण्याचे मोल

वरून पाहणेच श्रेष्ठ, असा निष्कर्ष मात्र काढू नये. पुणे, ठाणे व रायगड या तीन जिल्ह्यांना स्पर्श करणाऱ्या भीमाशंकर अभयारण्यात जांभूळ, अंजनी, हिरडा यांच्या छतातून महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू वावरतो. तो क्वचितच जमिनीवर उतरतो. त्याला पाहण्यासाठी खाली थांबावे लागते, कान द्यावा लागतो, घरट्याची जागा हेरावी लागते. उन्नत वाट आपल्याला शेंड्यापर्यंत नेते. पायवाट आपल्याला वाट पाहायला शिकवते. चांगल्या लेखकाला दोन्ही दृष्टिबिंदू अवगत असावेत आणि आपण कोणता वापरत आहोत याचे भान असावे.

४. सारांश

दृष्टिबिंदू हा प्रवासलेखनाचा पाया आहे. लेखकाने आपली जागा, ऋतू आणि स्थळाचे खरे स्वरूप सांगावे. सर्वत्र बसणारी विशेषणे टाळावीत. वनाला चुकीचे नाव दिल्यास त्याकडे पाहण्याची समाजाची दृष्टीही बदलते.

५. स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न व उपक्रम

१. ‘जे वाक्य सर्वत्र बसते, ते कोणत्याच स्थळाचे नसते,’ हे विधान सोदाहरण स्पष्ट करा.
२. ‘ओसाड’ आणि ‘निष्पर्ण’ या शब्दांतील अर्थभेद सांगा.
३. आपल्या इमारतीजवळील एक झाड प्रथम जमिनीवरून व नंतर वरच्या मजल्याच्या खिडकीतून किंवा जिन्यातून पाहा. दोन्ही वर्णने प्रत्येकी दहा ओळींत लिहा. ‘सुंदर’, ‘रम्य’ आणि ‘हिरवेगार’ हे शब्द वापरू नका. तीन महिन्यांनी तेच झाड पुन्हा पाहून काय बदलले याची नोंद करा.