टाकी उचलायची नसते

घरगुती गॅसच्या टाकीत १४.२ किलो गॅस असतो, हे बहुतेकांना ठाऊक असते. टाकीचे स्वतःचे वजन मात्र फारसे कोणी वाचत नाही. ते वरच्या कडीला धरून ठेवणाऱ्या पट्टीवर लिहिलेले असते आणि बहुधा १५ ते १७ किलोंच्या दरम्यान असते. म्हणजे दारात उतरवलेली टाकी ३० किलोंच्या आसपास जाते. कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या ‘नायॉश’ या अमेरिकी सरकारी संस्थेच्या १९९१च्या सूत्राप्रमाणे, ओझे अंगाला लागून, पकड भक्कम आणि कमरेला पीळ नसताना उचलण्याची मर्यादा २३ किलो आहे. ब्रिटनचे सरकारी मार्गदर्शन अशाच अनुकूल स्थितीत पुरुषांसाठी २५ आणि स्त्रियांसाठी १६ किलो धरते. आपली टाकी या तिन्ही आकड्यांच्या वर जाते, आणि आपल्या स्वयंपाकघरात तेवढी अनुकूलता क्वचितच असते. म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. घरात एकटे असाल तर भरलेली टाकी उचलायचीच नाही. ती जमिनीवरून हलवायची, आणि शक्यतो हलवण्याचीही वेळ येऊ नये अशी सोय आधीच करून ठेवायची.

भंडारा जिल्ह्यात यावर पहिला आक्षेप धानाचा येतो. लाखांदूर, पवनी, मोहाडीकडे चाळीस किलोंचा कट्टा पाठीवर घेणारी माणसे गावोगाव आहेत. त्यांना तीस किलोंची टाकी काय जड? आक्षेपात तथ्य आहे, ताकद कमी आहे असे मी म्हणतच नाही. पण कट्टा चढवायला बहुधा दुसऱ्याचा हात असतो. तो पाठीला चिकटतो, अंगाच्या वळणाने बसतो आणि त्याचा भार मणक्याच्या जवळून खाली उतरतो. टाकी लोखंडी, गोल आणि सुमारे ३२ सेंटिमीटर रुंद. कडीला धरून पोटासमोर उचलली की तिचा मध्य मणक्यापासून ३५ सेंटिमीटरभर दूर राहतो. तिला तोलणारे पाठीचे स्नायू मात्र मणक्यापासून जेमतेम ५ सेंटिमीटरवर काम करतात. तरफेचा हिशेब मांडला तर ३० किलो तोलायला त्या स्नायूंवर २०० किलोंहून अधिक ताण येतो आणि तो सारा दाब कमरेच्या चकत्या सोसतात. वाकलेल्या धडाचे वजन यात अजून धरलेलेच नाही. रोवणीच्या दिवसांत बाया सकाळपासून बांधीतल्या चिखलात वाकलेल्या असतात. त्याच संध्याकाळी गॅस संपला तर टाकी ओढायला त्याहून वाईट वेळ नाही, कारण थकलेले स्नायू झटका झेलत नाहीत. बाळंतपणानंतरचे महिने, हर्नियाचे ऑपरेशन, उतारवयात ठिसूळ झालेली हाडे असतील तर याचा विचारसुद्धा करू नये.

दुसरा युक्तिवाद असा, की टाकी पोचवणारा पोरगा रोज एवढ्या टाक्या खांद्यावर नेतोच ना? नेतो, आणि त्याची किंमत त्याचे शरीर मोजत असते. ते पाहून घरातल्या साठीच्या बाईने तसे करावे, हा निष्कर्ष कसा निघतो? उलट तो दारात असतो तेवढ्याच वेळेला घरात दुसरे माणूस असते, हे ध्यानात घ्यावे. घरपोच टाकीच्या दरात पोचवण्याचा खर्च धरलेला असतो. म्हणून टाकी थेट स्वयंपाकघरात, शेगडीजवळ ठेवून द्यायला सांगावे, तिथेच वजन आणि गळती तपासून घ्यावी. यात संकोच कसला? खेड्यांत मात्र ही सोय सगळीकडे नाही. २००९मध्ये सुरू झालेल्या राजीव गांधी ग्रामीण एलपीजी वितरक योजनेत तर ग्राहकाने स्वतः येऊन टाकी न्यावी, अशीच मांडणी होती. कमावते माणूस कामासाठी नागपूरला आणि घरी सासू-सून, अशा घरांसाठी ही खरी अडचण आहे. डिसेंबर २०२२मध्ये पेट्रोलियममंत्री हरदीपसिंग पुरी यांनीच राज्यसभेत सांगितले होते, की स्त्रियांना इतके जड सिलिंडर उचलावे लागू नयेत यासाठी वजन कमी करण्याचा विचार चालू आहे. पाच किलोंची टाकी आजही मिळते आणि उज्ज्वला योजनेत तो पर्याय आहे. भरलेली असूनही ती मोठ्या टाकीच्या निम्म्याहून हलकी असते. ती लवकर संपते, फेऱ्या वाढतात, हे खरे. पण एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसासाठी मी ती गैरसोय बिनदिक्कत पत्करेन.

तरीही मोठी टाकी हलवावीच लागली, तर आधी वाट मोकळी करावी, सांडलेले पाणी पुसावे, पायात चप्पल नव्हे तर घट्ट बसणारे जोडे घालावेत, पदर खोचून घ्यावा. व्हॉल्व्हवर सुरक्षा टोपी बसलेली हवी. मग दोन्ही हातांनी वरची कडी धरून टाकी स्वतःकडे किंचित कलती करायची, म्हणजे ती बुडाच्या कड्याच्या एका काठावर उभी राहते, आणि हळूहळू फिरवत पुढे न्यायची. या पद्धतीत वजन जमीन पेलते, आपण फक्त तोल राखतो. फरशीवर हे सहज जमते. शेणाने सारवलेल्या जमिनीत मात्र कडे रुतते, तिथे खाली लाकडी फळी टाकावी. उंबरठ्यालाही फळीचाच उतार करावा. चाकांची ट्रॉली गुळगुळीत फरशीपुरतीच कामाची. टाकी आडवी पाडून लोळवणे सर्वांत धोक्याचे, कारण आडव्या टाकीत द्रवरूप गॅस व्हॉल्व्हपर्यंत येतो आणि गळालाच तर वायू होताना सुमारे अडीचशे पट फुगतो. हातातून टाकी सुटली तर झेलायला जाऊ नये, पाय मागे घ्यावा. टाकीला पोचा आला तर ती बदलून मिळते.

आपल्याकडे अनेक घरांत शेगडी आली तरी चूल गेलेली नाही, आणि ती जमिनीवरच असते. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळाला की जमिनीलगतच पसरतो, थेट चुलीकडे. म्हणून टाकी बदलताना चुलीतला विस्तव, देवापुढचा दिवा, उदबत्ती, सगळे विझलेले असले पाहिजे. निखारे राखेखाली झाकून भागत नाही. टाकी पडली असेल तर ती लगेच जोडू नये. व्हॉल्व्हला साबणाचे पाणी लावून पाहावे. बुडबुडे आले किंवा वास आला तर टोपी घट्ट बसवून दारे-खिडक्या उघडाव्यात, विजेच्या बटणाला हात लावू नये, घरातल्यांना घेऊन बाहेर पडावे आणि गळतीसाठीच्या १९०६ या क्रमांकाला फोन बाहेर गेल्यावरच लावावा.