नवे मशीन बसवूनही घड्याळ चालत नाही तेव्हा

कापडाच्या धंद्यात ठाण आधी उजेडात धरून पाहतात, मग कात्री लावतात. एकदा कात्री लागली की माल आपला. मग त्यात डाग निघो की तुटका धागा, गिरणीवाला परत घेत नाही. आमच्या बाजारपेठेतल्या घड्याळ दुरुस्त करणाऱ्या भावांनी हाच हिशेब क्वार्ट्झ मशीनला लावावा, म्हणून हे लिहीत आहोत.

बारामती-इंदापूर भागात आता जुने क्वार्ट्झ मशीन उघडून साफ करण्यापेक्षा अख्खे मशीन बदलण्याकडे कल आहे. त्यात गैर काही नाही, नवे मशीन स्वस्त पडते. अडचण पुढे येते. नवे मशीन घातले आणि घड्याळ दोन दिवसांत थांबले, की ग्राहक म्हणतो आम्हाला फसवले, कारागीर म्हणतो मशीनच खराब आले. आणि चावीची दांडी कापलेले मशीन घाऊक व्यापारी हातात घेत नाही. घेतले तरी पुण्याला एस.टी.ने जाऊन येण्याचे भाडे मशीनच्या किमतीला भारी पडते. नुकसान कारागिराचे, आणि भरवसा गेला तो वेगळाच.

मशीनची रचना ध्यानात असली तर दोष शोधणे सोपे जाते. सेलच्या विजेवर स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. आत बसवलेले सर्किट ही संख्या पंधरा वेळा निम्मी करते, म्हणजे सेकंदाला एक ठोका उरतो. तो ठोका कॉईलमध्ये जातो, कॉईलजवळचे इवलेसे चुंबकी चाक अर्धा फेरा घेते आणि सेकंदकाटा एक घर पुढे सरकतो. जपानच्या सेइको कंपनीने १९६९ साली पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला आणले, तेव्हापासून मूळ गोष्ट हीच आहे. ताकद मात्र फार थोडी असते. चावीच्या घड्याळाची कमान लहानसहान घासणे ओढून नेई, क्वार्ट्झला ते जमत नाही.

म्हणून नवे मशीन आले की आधी डायल-काटे न लावता सेल घालून फक्त सेकंदकाटा हलका बसवावा आणि रात्रभर चालू द्यावे. सेल ताजा हवा; चांदीच्या सेलचा दाब मीटरवर १.५५ व्होल्टच्या आसपास दिसतो. लोखंडी चिमट्याने सेलच्या दोन्ही बाजू एकदम धरू नयेत, प्लास्टिकचा चिमटा वापरावा. काही मशीनच्या दांडीला प्लास्टिकचा अडसर लावलेला येतो, तो काढायचा राहिला तरी मशीन मेल्यासारखे पडून राहते. एवढे करूनही चालले नाही, तर ते जसेच्या तसे परत करावे. दांडी शाबूत आहे, व्यापाऱ्याला बोलायला जागा नाही.

रात्रभर चालले तर मशीन निर्दोष समजावे, आणि पुढे जिथे थांबेल तिथला दोष आपल्या बसवणीत शोधावा. पहिला संशय दांडीवर. दांडी केसभर लांब राहिली तर चावी पूर्ण आत जात नाही, मशीन वेळ लावण्याच्या जागीच अडकते आणि सेकंदकाटा थांबतो. चावी ओढून धरली की दिसते तसेच. जुने मशीन त्याच नंबरचे असेल तर त्याचीच मापात कापलेली दांडी चावीसकट वापरावी. नवी दांडी कापायचा प्रश्नच उरत नाही.

सेकंदकाटा जागच्या जागी फडफडत असेल तर काटे काढून पाहावे. मोकळे मशीन चालले, तर काटे एकमेकांना, डायलला किंवा काचेला घासत आहेत. केसमध्ये घालण्यापूर्वी काटे बारा तास फिरवून भिंगातून आडवे पाहिले की हे कळते. तारखेचे घड्याळ मध्यरात्रीच थांबत असेल तर तारखेची चकती तपासावी. दर वेळी दोन की चार सेकंदांची उडी मात्र बिघाड नव्हे. काही मशीन सेल संपत आल्याची खूण तशी देतात.

पेच फिरवताना कॉईलला टोक लागले की केसाहून बारीक तार तुटते. सेल काढून मीटर लावावा: मनगटी घड्याळात साधारण एक ते तीन किलोओहम दिसले तर ठीक, काटा हललाच नाही तर कॉईल गेली. आणि घड्याळ कारागिराकडे चालते, घरी थांबते, अशी तक्रार आली तर ग्राहक ते रात्री कुठे ठेवतो हे विचारावे. स्पीकर किंवा मोबाईलच्या कव्हरातील लोहचुंबक ते चुंबकी चाक रोखून धरते. दूर नेले की बहुधा आपोआप चालू होते.

भिंतीच्या घड्याळाचे थोडे वेगळे. सेकंदकाटा नऊच्या आकड्याजवळ धडपडत असेल, तर सेल उतरला आहे किंवा काटा जड आहे, कारण आडवा काटा वर उचलायला तिथेच सर्वांत जास्त जोर लागतो. मशिदीतील मोठ्या घड्याळांना लांब काटे आणि साधे मशीन अशी जोडी आम्ही अनेकदा पाहिली. जमातची वेळ ज्या घड्याळावर धरतात, त्याला जास्त ताकदीचे मशीनच मागून घ्यावे.