स्मरणशक्तीचे टॉनिक लिहून द्या, डॉक्टर!

सहामाही परीक्षा जवळ आली की माझ्या दवाखान्यात एक ठरावीक रुग्ण येऊ लागतो. वय दहा ते पंधरा. बरोबर आई, क्वचित वडील. मुलगा मान खाली घालून स्टुलावर बसतो आणि आई सांगते, "डॉक्टर, ह्याला घरी सगळं येतं हो, पण पेपरात काही आठवत नाही. चांगलंसं टॉनिक लिहून द्या."

सत्तावीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये अशा किती बाटल्या मी लिहून दिल्या याचा हिशेब नाही. लिहून दिले की आईला बरे वाटते, मुलगा सुटतो आणि बाहेर खोळंबलेले पेशंटही पुढे सरकतात. परंतु पोटभर जेवणाऱ्या निरोगी मुलाची स्मरणशक्ती वाढवते असे सिद्ध झालेले टॉनिक बाजारात नाही, हे मला ठाऊक होते. तरी लिहीत होतो. हे कबूल करूनच आजचा विषय मांडतो.

गेल्या वर्षी सातवीतला एक मुलगा याच तक्रारीसाठी तीनदा आला. तिसऱ्या खेपेला तक्रारीत भर पडली होती: रोज सकाळी शाळेच्या वेळी पोटात दुखते. रविवारी दुखत नाही. आई शिवणकाम करते. टॉनिकच्या एका बाटलीसाठी तिला दोन ब्लाउज शिवावे लागतात, असे ती बोलता बोलता म्हणाली. त्यावरही मी तिसरी चिठ्ठी लिहिलीच.

पुढच्याच आठवड्यात त्या मुलाच्या आजीला ताप आला म्हणून रात्री साडेनऊला त्यांच्या घरी जाण्याचा योग आला. घर दोन खोल्यांचे. बाहेरच्या खोलीत टीव्ही चालू. मुलगा कॉटवर पालथा पडून भूगोलाचे पुस्तक वाचत होता. ओठ हलत होते, बोट ओळीवरून फिरत होते आणि दर मिनिटाला नजर टीव्हीकडे जात होती. उशाशी आईचा मोबाईल होता, कारण शाळेचा गृहपाठ व्हॉट्सअपवर येतो. आणि आई शिलाई मशीनच्या फळीवर त्याची वही ठेवून त्याच्या अक्षरासारखे अक्षर काढत गृहपाठ उतरवत होती. मला पाहून ओशाळली. म्हणाली, "सकाळी वही नसली की बाहेर उभं करतात. त्याला झोप आवरत नाही, मग तेवढं मीच लिहिते."

पोट का दुखत होते ते मला दवाखान्यात तीनदा हात लावून कळले नव्हते, ते तिथे उंबऱ्यात उभे राहून कळले. मुलगा रोज तीन तास पुस्तकासमोर होता. साडेअकराला झोपत होता, सहाला उठत होता. आणि वर्गात प्रश्न विचारला की काहीच आठवत नव्हते. मी त्याला विचारले, "काय वाचलंस?" म्हणाला, "खारे वारे." "पुस्तक मिट आणि सांग." त्याने पुस्तक मिटले आणि नुसता माझ्याकडे पाहत राहिला.

वाचकहो, इथे थोडे माझे सांगतो. एम.बी.बी.एस.च्या पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्राचे जाड पुस्तक मी तीन वेळा वाचून काढले होते. तोंडी परीक्षेत मानेतून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचे जाळे काढून दाखवा म्हटल्यावर माझ्या हातून पहिली रेघही धड उमटली नाही. माझा खोलीतला मित्र एकदाच वाचायचा, पुस्तक उशीखाली ठेवायचा आणि पाटीवर तेच जाळे आठवून काढायचा. चुकले की पुसायचा, पुस्तकात बघायचा, पुन्हा काढायचा. आम्ही त्याला हसत असू. पुढे मीही पाटी आणली.

हे नुसते माझे म्हणणे नाही. हर्मान एबिंगहाऊस या जर्मन संशोधकाने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवले होते, की निरर्थक अक्षरे पाठ केली तर तासाभरातच त्यातले निम्म्याहून अधिक निसटते. ही गळती सर्वांना आहे, तुमच्या मुलालाच नाही. ती रोखावी कशी, याचे एक उत्तर २००६ साली अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगातून मिळाले. कॉलेजच्या काही विद्यार्थ्यांना त्यांनी एक उतारा चार वेळा वाचायला दिला. दुसऱ्या गटाला एकदाच वाचायला दिला आणि मग उतारा काढून घेऊन तीन वेळा आठवून लिहायला सांगितले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा चारदा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा त्यांना सुमारे ४० टक्के आठवत होते आणि आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. गंमत अशी, की आपल्याला जास्त लक्षात राहील अशी खात्री वाचणाऱ्यांनाच अधिक होती! "घरी सगळं येतं" या वाक्याचा उगम इथे आहे. पुस्तक उघडे असते तोवर सगळे ओळखीचे वाटते. ओळखीचे वाटणे वेगळे आणि आठवणे वेगळे.

आपल्या आजी-आजोबांना हे प्रयोगावाचून माहीत होते. दिवेलागणीला परवचा म्हणायचा तो पुस्तक समोर धरून नव्हे. पावकी, निमकी, पाऊणकी तोंडाने यायची, अडली की मोठे माणूस पुढचा शब्द पुरवायचे. रोज तीच वेळ, तीच जागा. पाठांतराचा तो अतिरेक परत आणा असे मी म्हणत नाही, अर्थ न कळता पाठ केलेले बीजगणितात उपयोगी पडत नाही. पण रोजची वेळ आणि पुस्तकाविना म्हणणे या दोन गोष्टी आपण उगाच टाकून दिल्या.

त्या घरी मी टॉनिक बंद केले आणि दुसरीच चिठ्ठी लिहिली. शाळेतून आल्यावर खाणे, मग तासभर बाहेर खेळणे. खेळ कापून अभ्यास वाढवू नये. साडेसहा ते आठ टीव्ही बंद, हे घरातल्या सर्वांनी पाळायचे. व्हॉट्सअपवरचा गृहपाठ आल्या आल्या कागदावर उतरवून घ्यायचा आणि मोबाईल स्वयंपाकघरात फडताळावर ठेवायचा. जमिनीवर बसा, पाटावर वही ठेवा, टेबलच हवे असे नाही. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला दिवा डावीकडून असावा, म्हणजे हाताची सावली वहीवर पडत नाही. नावडता विषय आधी, कारण तेव्हा डोके ताजे असते. पंचवीस मिनिटे झाली की पाच मिनिटे उठायचे, पाणी प्यायचे. धडा एकदा समजून वाचायचा, पुस्तक मिटायचे, आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहायचे, मग पुस्तक उघडून राहिलेले लाल पेन्सिलीने भरायचे. तेच उद्या एकदा, आठवड्याने पुन्हा एकदा. गणितात सोडवलेले उदाहरण झाकून परत सोडवायचे. मार्गदर्शकातून उतरवलेली उत्तरे म्हणजे हाताचा व्यायाम.

आईने वही लिहायची नाही. गृहपाठ अपुरा राहिला तर राहिला. "इतकेच झाले, पुढचे समजले नाही" अशी चिठ्ठी आईने बाईंना द्यावी. हे सांगताना ती माउली घाबरली होती, मी समजू शकतो. पण केंद्र सरकारच्या २०२० सालच्या दप्तर धोरणातच गृहपाठाची मर्यादा सांगितली आहे: पहिली-दुसरीला गृहपाठ नाही, तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, सहावी ते आठवीला रोज एक तास, नववीपासून पुढे रोज दोन तास. पालकांनी शाळेत जाऊन हे नम्रपणे दाखवावे. शिक्षकही बिचारे अभ्यासक्रम संपवण्याच्या घाईत असतात, भांडून काही निघत नाही. शिकवणीचेही असेच. शाळा सुटल्यावर दोन तास शिकवणी असेल तर मुलाने स्वतः आठवून पाहायचे कधी?

झोपेबाबत मात्र मी कोणाचे ऐकत नाही. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास आणि तेरा ते अठराच्या मुलाला ८ ते १० तास झोप लागते. दिवसा शिकलेले मेंदूत पक्के होण्याचे बरेचसे काम झोपेत चालते. परीक्षेच्या आदल्या रात्री दोनपर्यंत जागवलेला मुलगा पेपरात रिकामा बसतो, याचे नवल वाटायला नको. पहाटे उठवायचेच असेल तर रात्री नऊला निजवा.

या सगळ्याआधी डॉक्टरने काही गोष्टी पाहायला हव्यात. त्या मी तिसऱ्या चिठ्ठीनंतर पाहिल्या, पहिल्या खेपेलाच पाहायला हव्या होत्या. फळ्यावरचे दिसते का? कानात मळ साचून ऐकू कमी येते का? रात्री तोंड उघडे टाकून घोरतो का? विशेषतः वयात येणाऱ्या मुलींचे हिमोग्लोबिन तपासावे. शाळेत मिळणारी लोहाची निळी गोळी पुष्कळ मुली फेकून देतात, ती जेवणानंतर घ्यावी आणि जेवणाबरोबर चहा टाळावा. बोलता बोलता काही क्षण मुलाची नजर शून्यात लागत असेल, हाक ऐकू जात नसेल, तर तो आळस नसून फिट्सचा प्रकार असू शकतो. हुशार मूल वाचताना सतत अक्षरांची उलटापालट करीत असेल तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यावी. अशा मुलांना दहावी-बारावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात, मात्र प्रमाणपत्र आधी काढावे लागते. आणि पोटदुखी मुलाला झोपेतून उठवत असेल, वजन घटत असेल, ताप किंवा शौचातून रक्त असेल, तर ती शाळेची पोटदुखी समजून घरी थांबू नये.

एक अडचण त्या आईने काढली. "मी चौथी शिकले, ह्याचा अभ्यास घेऊ कशी?" मी आजींकडे बोट दाखवले. आजी निरक्षर, अंथरुणाला खिळलेल्या, ऐकायला भरपूर वेळ. त्याने रोज आजीला धडा सांगायचा, आजीला समजला तरच तो झाला असे मानायचे. आजी काही सोडत नसत. "असं कसं?" हा त्यांचा ठेवणीतला प्रश्न.

पहिले पंधरा दिवस रडारड झाली. दोनदा मुलाला वर्गाबाहेर उभे केले, तिसऱ्यांदा बाईंनी आईची चिठ्ठी वाचली. सहामाहीत गणितात तो काठावरच राहिला, इतिहास-भूगोलात वर आला. पोटदुखी दिवाळीआधीच थांबली होती.

हिवाळ्यात आजी ब्लड प्रेशर दाखवायला रिक्षाने आल्या. पट्टा बांधत होतो तर म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, दिवसा जमीन लवकर तापती, म्हणून वारं समुद्राकडून येतं, ते खारं. रातच्याला उलटं, ते मतलई." आजींनी जन्मात समुद्र पाहिलेला नाही.