तीनशे रुपयांत घरची प्रयोगशाळा

सुट्टी लागली की खेळण्यांच्या दुकानात आणि मोबाइलच्या पडद्यावर ‘सायन्स किट’चे खोके रांगेनं उभे राहतात. किंमत साधारण पाचशेपासून दोन हजारांपर्यंत. वर ठळक अक्षरांत ‘१०० प्रयोग’, आणि आत बहुधा खायचा सोडा, सायट्रिक अ‍ॅसिडची पुडी, खायचा रंग, दोन-चार फुगे, एक नळी आणि चकचकीत पुस्तिका. पुड्या एका दुपारीत संपतात, मग खोका माळ्यावर जातो. म्हणून किंमत बघण्याआधी एकच विचारावं: यातला प्रयोग मूल पुन्हापुन्हा करू शकेल का? पहिल्या वेळी ते नुसतं बघतं. ‘असं केलं तर काय होईल’ हे त्याला नंतर सुचतं, आणि तेव्हा सामान शिल्लक असायला हवं.

पुढचे दर अंदाजे आहेत. गावागणिक आणि दुकानागणिक थोडा फरक पडेलच.

सुरुवात किराण्यापासून. खायचा सोडा २० ते ४० रुपये, व्हिनेगरची बाटली ५० च्या आसपास, फुग्यांचं पाकीट २० रुपये. अरुंद तोंडाच्या बाटलीत १०० मिली व्हिनेगर घ्या, फुग्यात चमचाभर सोडा भरा, फुगा बाटलीच्या तोंडावर ताणून बसवा आणि उभा करा. चमचाभर म्हणजे साधारण ५ ग्रॅम सोड्यातून जास्तीत जास्त सव्वा ते दीड लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो, फुगा टम्म होतो. मग मुलाला सोडा दुप्पट करू द्या, व्हिनेगर तेवढंच ठेवा. फुगा दुप्पट होत नाही. का होत नाही, हे लगेच सांगून टाकू नका. लिंबाच्या रसानंही हे होतं, पण त्याला चारेक लिंबं पिळावी लागतात. उन्हाळ्यातले लिंबाचे भाव बघता व्हिनेगरच परवडतं.

हळद तर घरातच आहे. हळदीचं पाणी पांढऱ्या कागदाला फासून वाळवा आणि साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या काडीनं त्यावर लिहा. अक्षरं तांबडी उमटतात, लिंबू लावलं की पुन्हा पिवळी. हळदीत चुना मिसळून कुंकू करतात ते याच गुणावर. बऱ्याच पुस्तिका इथं खायचा सोडा वापरायला सांगतात, पण त्यानं रंग धड उठत नाही. साबणाचं पाणीच घ्या. पानाचा चुना उत्तम काम करतो, पण तो डोळ्यात गेला तर फार वाईट, म्हणून तो मोठ्यांनी हाताळावा. खर्च जवळपास शून्य, फक्त ओट्यावरचे डाग कोण पुसणार ते आधी ठरवून घ्या.

तुरटी २० रुपयांची पुरते. १५० मिली गरम पाण्यात ५० ग्रॅम विरघळवून भांडं झाका आणि हलवू नका. थंड होताना तळाशी आठ बाजूंचे स्फटिक धरतात. त्यातला चांगला एक दोऱ्याला बांधून उरलेल्या पाण्यात टांगला की तो रोज थोडा वाढतो.

खरी मजा मात्र मोटारीत आहे. आयआयटी कानपूरमधून इंजिनिअर झालेल्या आणि टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवण्यासाठी २०१८ मध्ये पद्मश्री मिळालेल्या अरविंद गुप्ता यांनी ही मोटार घराघरांत नेली. त्यांची पुस्तकं आणि चित्रफिती मराठीतही फुकट मिळतात. सामान असं: टॉर्चचा जाड सेल (२० रुपये), दोन सेफ्टी पिना, गोल चुंबक (१० ते १५ रुपये, जुन्या स्पीकरमधला निघाला तर फुकट), सायकलच्या ट्यूबचं कापलेलं कडं आणि एक मीटर वार्निश लावलेली तांब्याची तार. हार्डवेअरच्या दुकानात ही तार मागू नका, ते प्लॅस्टिकचं आवरण असलेली वायर देतील. मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे जा. तो तार वजनावर विकतो. २२ गेजची एक मीटर तार साडेतीन ग्रॅमच भरते, त्यामुळे त्याच्याकडचा उरलेला तुकडा दहा रुपयांत, कधी नुसताच मिळतो.

तारेचे सेलभोवती आठेक वेढे घ्या आणि दोन्ही टोकं समोरासमोर सरळ बाहेर काढा. एका टोकाचं वार्निश सगळ्या बाजूंनी खरवडा. दुसऱ्या टोकाचं खरवडताना गुंडाळी उभी धरा आणि तारेचा वरचा अर्धा भागच साफ करा. मोटार चालते की नाही ते इथंच ठरतं. दोन्ही टोकं पूर्ण खरवडली तर चुंबक गुंडाळीला अर्धा फेरा एकीकडे आणि अर्धा फेरा उलटीकडे ओढतं, ती झोके घेत थांबते. अर्ध्या भागावर वार्निश ठेवलं की नेमका त्या वेळी प्रवाह तुटतो आणि गुंडाळी आपल्या गतीनं पुढं निघून जाते. पिना ट्यूबच्या कड्यानं सेलच्या दोन टोकांना बसवा, त्यांच्या भोकांत गुंडाळी टेकवा, खाली चुंबक ठेवा आणि बोटानं एक टिचकी द्या. सेल तापतो, म्हणून एका वेळी अर्धा मिनिटच चालवा.

मेडिकलमधून बिनसुईच्या दोन सिरिंज घ्या, एक १० मिलीची आणि एक २ मिलीची. मिळून वीसेक रुपये. फिशटँकची नळी १५ रुपये मीटर. आत पाणी भरून लहान सिरिंज दाबली की मोठी जोरानं, पण थोडीच सरकते. जेसीबीचा हात असाच उचलला जातो. तेच पाण्याऐवजी हवा ठेवून करायला सांगा, फरक हाताला कळतो.

एका वस्तूवर मात्र हात आखडता घेऊ नका: काचेचं भिंग. १०० रुपयांपर्यंत चांगलं मिळतं आणि वर्षानुवर्षं टिकतं. मुंगी, मीठ, छापील फोटोतले ठिपके, सगळ्याला चालतं. त्यातून सूर्याकडे कधीही बघायचं नाही.

किट घ्यायचंच असेल तर १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचं आहे, ते पाहा. एमआरपी, उत्पादकाचा पत्ता आणि उत्पादनाचा महिना नसेल तर खोका परत ठेवा. बटण सेल आणि छोटी, फार जोरकस चुंबकं असलेलं किट लहान भावंडं असलेल्या घरात नकोच. बटण सेल गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते; अशा वेळी घरगुती उपाय न करता थेट रुग्णालय गाठावं. एलईडी वगैरे सुटे भाग पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला एक-दोन रुपयांना मिळतात, त्यासाठी किट कशाला?

फुकटातला उत्तम प्रयोग कॅलेंडर देतं. मेमध्ये आणि पुन्हा पावसाळ्यात एक दिवस भर दुपारी उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली गडप होते. पुण्यात हे १३-१४ मेच्या सुमारास, साडेबाराला, नागपुरात २६ मेच्या आसपास. जुलैमधल्या दिवशी ढग असतात, तेव्हा मेचा चुकवू नका.

वरच्या सगळ्या सामानाची बेरीज तीनशेच्या आतबाहेर येते. किटमध्ये फसगत झाली तर पावती जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा.